हँडहेल्डच्या (हातात धरून खेळायच्या गेम मशीनच्या) हेडफोनमध्ये खरखर येते, बोर्ड बदलायला सांगताहेत. बदलू का?

बोर्ड बदलू नका. जॅकसुद्धा, म्हणजे हेडफोनची पिन घुसते ते भोक, आज बदलू नका.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: स्पीकरवर आवाज स्वच्छ, हेडफोन लावला की खरखर, पिन फिरवली की कमीजास्त, चार्जिंगला लावलं की आणखी वाढते, आणि दुकानात तुमचं हँडहेल्ड न उघडताच "बोर्ड गेला" म्हणाले. ही शेवटची ओळ वाचली म्हणून लिहायला बसलो. न उघडता बोर्ड गेलेला ओळखणारे लोक खान्देशात फार झालेत.

'खरखर' या एका शब्दात आपण चार-पाच आवाज कोंबतो. पिन हलवल्यावर करकर होते तो दोष यांत्रिक: मळ, जॅकमधली पिनेला टेकणारी पत्ती सैल होणं किंवा तुटलेला सोल्डर. गेम बंद असतानाही एकसारखं 'सूंऽऽ' येतं आणि व्हॉल्यूम शून्य केला तरी तेवढंच राहतं, तो अँपचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपचा, स्वतःचा आवाज. त्यात बिघडलेलं काहीच नाही. स्क्रीनची ब्राइटनेस बदलली की सूर बदलतो, ती बॅकलाइटच्या सप्लायची गळती. आणि फक्त जड गेममध्ये फटफट होते, तीच ब्लूटूथवर आणि स्पीकरवरही ऐकू येते, तर जॅकचा संबंधच नाही, प्रोसेसर वेळेवर आवाज पुरवत नाहीये. रेट्रोआर्चमध्ये (जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑडिओ लेटन्सी, म्हणजे आवाजाला दिलेली सवड, बऱ्याच मशीनवर मुळात ६४ मिलिसेकंद असते, ती ९६ किंवा १२८ करा आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.

आणखी एक खूण, जी फार कमी लोकांना माहीत असते. संगीत येतं पण गाणाऱ्याचा किंवा संवादाचा आवाज गायब, सगळं विहिरीतून आल्यासारखं वाटतं? मग ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची परतीची सामाईक वाट, तुटलाय. दोन्ही कानांना सारखा जाणारा आवाज एकमेकाला खाऊन टाकतो आणि फक्त डाव्या-उजव्यातला फरक उरतो. अशा वेळी हेडसेटच्या माइकचं बटण दाबून धरा. गाणारा परत आला तर जॅक ठणठणीत आहे, तुमच्या हेडसेटची जोडणी जुन्या ओएमटीपी पद्धतीची आहे आणि हँडहेल्ड सीटीआयए पद्धतीचं. दोघांत ग्राउंड आणि माइक यांच्या जागा उलट असतात. छोटा अडॅप्टर लावला की काम झालं.

तुमचा दोष पहिल्या जातीचा आहे, पिन फिरवल्यावर बदलतो म्हणजे. त्यावर यावलकडून टेबलावर आलेल्या एका हँडहेल्डची गत सांगतो, म्हणजे जॅक बदलण्याची घाई काय करते ते कळेल. वापरणारा पोरगा कापसाच्या जिनिंगवर कामाला. तक्रार एवढीच, "कानमा खरखर करस भो." त्याआधी जॅक दोनदा बदललेला, आणि वर तेलकट स्प्रे मारलेला.

उघडण्याआधी जॅकमध्ये टॉर्च मारला तर तळाशी राखाडी बूच. खिशातली तुसं, रुईचे तंतू आणि धूळ पिनेने दर वेळी आत ठोकून ठोकून गच्च झालेली, आणि त्यात तो स्प्रे मुरून त्याची चक्क पेस्ट झालेली. त्यामुळे पिन सुमारे १ मिलिमीटर बाहेर राहायची. १ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर दोन कड्यांमधली काळी पट्टी जेमतेम तेवढीच असते. पिन तेवढी बाहेर राहिली की जॅकची पत्ती कडीवर बसण्याऐवजी पट्टीवर बसते किंवा दोन कड्यांना एकदम टेकते. शिवाय पिन आत आल्याचं कळवणारी पत्ती अर्धवट दबते, चिप दर क्षणाला स्पीकर की हेडफोन असा विचार बदलते आणि कानात टक् टक् होत राहतं. नव्या जॅकमध्येही पोराने तोच मळ भरला, म्हणून दुसऱ्यांदा बदलूनही सहा महिन्यांत पुन्हा तेच.

खरा घात दुसऱ्या बदलाने केला. जॅकचा ग्राउंडचा पाय बोर्डाच्या आतल्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो, ते तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. बारीक टोकाची सोल्डरची इस्त्री लावून सोल्डर वितळत नाही म्हणून कुणीतरी जॅक ओढला आणि प्रिंट, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, उखडली. मग सोल्डरचा डाग मारून झाकून टाकलं. मीटरवर जॅकच्या त्या पायापासून यूएसबीच्या धातूच्या कडेपर्यंत ४ ओहम, हलवलं की उडी मारून ३० वर. तिथं अर्ध्या ओहमच्या आत हवं. बोर्डाचा हिरवा थर खरवडून ०.२ मिलिमीटर लाखेच्या तारेचा जंपर (जोड) जवळच्या शील्डच्या पत्र्यावर, म्हणजे ग्राउंडवर, नेला, वर यूव्ही प्रकाशाने घट्ट होणारा लेप. करकर संपली. म्हणजे मूळ दोष होता कापसाचा बूच, आणि बोर्डाचा खराखुरा दोष दुरुस्तीतून जन्माला आला.

आता तुमचं काम. मशीन बंद करा, नुसतं झोपवू नका. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलचं सामान विकणाऱ्यांकडे 'आयपीए' म्हणा, लगेच कळतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश येतो, ०.७ मिलिमीटरच्या आसपासचा. तो ओला करून झटका, थेंब गळता कामा नये. जॅक खाली तोंड करून धरा, म्हणजे मळ बाहेर पडेल, आत जाणार नाही. आधी लाकडी काडीने तळाचा बूच सैल करा. सुई किंवा टाचणी आत घालू नका, पत्ती एकदा वाकली की परत बसत नाही. मग ब्रश फिरवा, पुसा, पुन्हा फिरवा. तीन-चार फेऱ्यांनी ब्रश स्वच्छ बाहेर यायला लागतो. शेवटी हेडफोनची पिन पुसून २०-२५ वेळा आत-बाहेर करा, घासण्यानेच पत्तीवरचा काळा थर जातो. २० मिनिटं वाळू द्या. फुंकर मारू नका, थुंकी जाते. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे तर नाहीच. आपल्याकडच्या धुळीत तेल म्हणजे सापळा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पंख्याला तेल देऊन मे महिनाभर वाट बघावी आणि मग पात्याच्या बुडाशी काय जमलंय ते पाहावं.

एवढ्याने दहाच्या दहा खरखरी जात नाहीत, पण करकर कमी झाली तरी दिशा बरोबर आहे. अजिबात फरक पडला नाही तर उघडायचं, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, आणि भिंगातून जॅकचे पाय पाहायचे. पायाभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं तर सोल्डर तडकलाय: फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावा, ३५० अंशाला इस्त्रीच्या रुंद टोकाने प्रत्येक पाय २-३ सेकंद, थोडा ६३/३७ (कथील-शिशाचा) सोल्डर घालून. कारखान्यातला बिनशिशाचा सोल्डर २१७ अंशांच्या वर वितळतो, हा १८३ ला. मिसळला की सोल्डर सुखाने वितळतो. २०१७ च्या मूळ निन्टेन्डो स्विचमध्ये जॅक गेम कार्डच्या खाचेच्या छोट्या बोर्डावरच असतो, तिथं ते बोर्ड कनेक्टरवरून काढून दुसरं लावतात, इस्त्रीची गरज नाही.

चार्जिंगला वाढणारा आवाज हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावर "घरात अर्थिंग नाही" हे ठरलेलं उत्तर मिळतं. मला ते मान्य नाही. नुसता हेडफोन कानात असताना ग्राउंड लूप (दोन ठिकाणी ग्राउंड जोडल्याने होणारं वेटोळं) व्हायला दुसरं टोकच नाही. हँडहेल्ड टीव्हीला किंवा स्पीकरच्या अँपला तारेने जोडलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. हेडफोनवर घूंऽऽ येत असेल तर पॉवर बँकेवर चार्ज करून ऐका. आवाज गेला तर अडॅप्टर घाणेरडा आहे, तो बदला. तिथंही राहिला तर चार्जिंगचा करंट आणि हेडफोनचा परतीचा करंट एकाच अशक्त ग्राउंडवरून जातोय, म्हणजे पुन्हा तोच उखडलेला पाय किंवा सैल स्क्रू.

हां, सूंऽऽ वाल्यांसाठी: १६ ओहमच्या संवेदनशील इअरफोनच्या आधी ३३ ओहमचा रेझिस्टर असलेला अडॅप्टर लावला की आवाज जवळपास १० डेसिबलने खाली येतो, मग व्हॉल्यूम वाढवून घ्यायचा. एकाच कानात अनेक ड्रायव्हर (छोटे स्पीकर) असलेल्या इअरफोनची चव मात्र त्याने बदलते. त्यापेक्षा यूएसबी-सीला लावायचा हेडफोनचा डोंगल बरा.

वॉरंटी असेल तर यातलं उघडण्याचं काहीच करू नका. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर हेडफोन विसरा, आधी बॅटरी. पत्र्याच्या खोलीत ४५ अंशांत चार्जिंगला ठेवलेल्या मशीनचं हे नेहमीचं. काही मशीनमध्ये माइक आणि ग्राउंड आपोआप ओळखणारी चिप असते, तिथं बंद मशीनवर ग्राउंडचं माप चिपमुळे फसवं येतं. मग फक्त पिनेपासून जॅकच्या पायापर्यंत मोजा.

आणि बदलूनच घेणार असाल तर आधी अट घाला, काढलेला जुना जॅक परत द्यायचा. घरी आणून ब्लेडने मधोमध चिरा. पत्त्या सोनेरी आणि ताठ दिसल्या, तर पैसे कापसाच्या बुचासाठी गेले.