गोंडा कोणाचा?

पूर्वप्राथमिक वयाच्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची एक तक्रार जवळजवळ ठरलेली असते. मूल एका जागी बसत नाही, मोबाइल काढून घेतला की आदळआपट करते, आणि त्याऐवजी हाताला काही काम मिळावे म्हणून घरात रंग, लोकर, पीठ असे जे जे आणले, त्यातही त्याचे मन रमत नाही. मग आता करायचे तरी काय? या प्रश्नाला मी एका अनुभवाच्या आधारे उत्तर देते. त्या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मुलगा साडेपाच वर्षांचा, मोठ्या शिशुवर्गात जाणारा. आई हिशेबतपासनीस, त्यामुळे नीटनेटकेपणा अंगात मुरलेला. पहिल्या भेटीला ती एक मोठी कापडी पिशवी घेऊन आली आणि बसता बसता तिने त्यातल्या वस्तू माझ्या टेबलावर मांडल्या: लोकरीचे सहा रंगांचे गुंडे, पुठ्ठ्याच्या चकत्या, बोथट सुई, अर्धवट राहिलेले एक ससुल्याचे तोंड आणि गुळगुळीत कापलेला, चेंडूसारखा गोल, पिवळा गोंडा. "मॅडम, मी सगळं करून पाहिलं. लोकर आणली, ओव्हन आणला, रजा टाकून रविवारसारखे दिवस काढले. पण हा दोन मिनिटंही बसत नाही. 'तूच कर' म्हणतो आणि पळतो. शाळेतून पेन्सिल नीट धरत नाही म्हणून चिठ्ठी आलीय. याला काही कमी तर नाही ना?"

शेवटचे वाक्य बोलताना तिचा आवाज चिरकला. ही भीती खोटी नसते, म्हणून तिच्यावरून हात फिरवून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मुलाची दृष्टी, श्रवण, झोप आणि बोलण्याचा विकास यांबद्दल मी सविस्तर विचारले आणि बालरोगतज्ज्ञांची तपासणी झाल्याची खात्री करून घेतली. घर, शाळा आणि मैदान अशा सगळ्याच ठिकाणी मूल कायम अस्वस्थ असेल, हाक मारल्यावर पाहत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट करायची सोडून देत असेल, तर विकासतज्ज्ञांकडे जायला एक दिवसही उशीर करू नये. तिथे लोकरकाम हा उपाय नव्हे. या मुलाच्या बाबतीत तसे काही आढळले नाही. तो मैदानात अर्धा तास मातीत आळे करत बसत असे. म्हणजे बसण्याची क्षमता होती; घरातल्या टेबलापाशी मात्र ती कुठेतरी हरवत होती.

पेन्सिलीच्या चिठ्ठीबद्दल मी आईला एक गोष्ट समजावून सांगितली. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि एकेक करून वर्षानुवर्षे कठीण होत जातात. शेवटच्या वाटाण्याएवढ्या हाडाचे कठीण होणे तर साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान सुरू होते. साडेपाच वर्षांच्या हाताकडून दोन ओळींतले वळणदार अक्षर मागण्याआधी त्या हाताला ओढणे, गुंडाळणे, मळणे, चिमटीत धरणे अशी भरपूर कामे मिळायला हवीत. लोकर आणि कणीक आणण्याचा आईचा विचार या दृष्टीने अगदी बरोबर होता. गाडे अडले होते ते दुसरीकडे.

मी तो पिवळा गोंडा उचलून मुलासमोर धरला आणि विचारले, "हा तू केलास?" त्याने मान हलवली. "हा आईचा आहे." "आणि तुझा?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझा वाकडा होता. आईने कापला."

आईचा चेहरा उतरला. तिने काही चूक केली असे मला वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मुलाचे काम चांगले दिसावे, त्याला शाबासकी मिळावी, म्हणून तिने गोंड्याची वाढलेली टोके छाटली होती. मात्र मुलाच्या हिशेबी तो गोंडा त्या क्षणी त्याचा राहिला नाही. सशाचे तोंड चौदा पायऱ्यांचे होते आणि त्यातल्या अकरा पायऱ्या आईला कराव्या लागल्या होत्या. मूल पळत होते ते कामापासून नव्हे, तर जे काम आपले नाही तिथे प्रेक्षक म्हणून बसण्यापासून.

आणखी एक प्रसंग तिने सांगितला. साबणाच्या कोमट पाण्यात लोकर चोळून नमद्यासारखा घट्ट चेंडू करायचा बेत तिने एका शनिवारी केला होता. पाऊण तास चोळूनही चेंडू झाला नाही, नुसता ओला गुंता हातात राहिला आणि मुलगा रडला. यात मुलाची वा आईची काहीच चूक नव्हती. मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात, आणि ऊब, ओल व घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकून लोकर घट्ट बसते. बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारे बरेचसे रंगीत गुंडे मात्र ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. त्याला असे खवले नसल्याने तो कितीही चोळला तरी मिळून येत नाही. गुंड्यावरची चिठ्ठी वाचणे एवढेच तिथे करायला हवे होते. मी हे मुलालाही त्याच्या भाषेत सांगितले, कारण आपल्या हातात काही जमत नाही अशी गाठ त्याने मनाशी बांधली होती.

पुढच्या तीन आठवड्यांसाठी मी लोकरकामाचा संच, ससा आणि ओव्हन हे सगळे कपाटात ठेवायला सांगितले आणि एकच काम दिले: लोकरीची लड सोडवून तिचा गुंडा करणे. मुलाने दोन्ही हात पुढे करून लड धरायची आणि आईने गुंडाळायचे, मग अदलाबदल. यात चुकण्यासारखे काही नाही, दोन्ही हात एका लयीत चालतात आणि दोघांपैकी कोणीही उठून गेले तर काम थांबते. आईला पहिल्यांदा हे फारच क्षुल्लक वाटले. आठवड्याने तिने फोन करून सांगितले की मुलाने कपाटातली तिची जुनी शालही उसवायला मागितली होती.

याच सुमारास आजी गावाहून आल्या आणि येताना त्यांनी घरातले जुने घोंगडे आणले. ते दख्खनी मेंढ्यांच्या काळ्या, भरड लोकरीचे होते. धनगरांनी कातरलेली ही लोकर सणगर मंडळी मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. आजींनी नातवाला घोंगड्याच्या काठाचा एक सुटा धागा हातात देऊन "टोचतंय का बघ" म्हटले. अंगाला टोचणारी ही लोकर पावसात माणसाला कशी ऊब देते, याविषयी त्या दोघांचे बराच वेळ बोलणे चालले. हे मी योजलेले नव्हते, पण मला ते फार मोलाचे वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा शंख, शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूच त्यांनी शिक्षणाची साधने म्हणून वापरल्या. आपल्या घरात पडलेल्या घोंगड्याला पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या संचापेक्षा जास्त सांगण्यासारखे असते.

गुंड्यानंतर बोटावरची साखळी घेतली. तर्जनीवर एक सैल फास अडकवायचा, त्याच्या वरच्या अंगाला धागा ठेवायचा आणि खालचा फास उचलून बोटाच्या टोकावरून पलीकडे टाकायचा; एवढीच एक क्रिया पुनःपुन्हा. सुई नाही, कात्री नाही. फास घट्ट होऊन बोटाचे टोक लाल-निळे होत नाही ना, याकडे मात्र मोठ्यांनी लक्ष ठेवावे, आणि तीन वर्षांखालील भावंड घरात असेल तर लांब धागे काम संपताच उचलून ठेवावेत, कारण ते गळ्याभोवती किंवा पायाच्या बोटाभोवती आवळण्याचा धोका असतो. आईला मी एक पथ्य घालून दिले: मुलाच्या साखळीला हात लावायचा नाही, शेजारी बसून स्वतःची साखळी विणायची. तिने पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे चुकलं तरी सांगायचं नाही?" मी म्हटले, "त्याने विचारलं तर दाखवा. तुमच्या बोटावर दाखवा, त्याच्या नाही."

बेकिंगची गोष्ट निराळी नव्हती. आधी रविवारी कपकेक होत, वर क्रीमची फुले असत आणि फुले काढताना मुलाला स्वयंपाकघराबाहेर पाठवले जाई. आम्ही ते सोडून कणीक-नाचणीच्या नानकटाईवर आलो. आजींना आपल्या लहानपणी रवा, साखर, तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणायची ती दिवाळीआधीची गडबड आठवत होती. त्यांचा आग्रह डालड्याचा होता, कारण त्याने खुसखुशीतपणा येतो. पण वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचा हृदयावर होणारा परिणाम लक्षात घेऊन 2022 पासून आपल्याकडे त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे ऐकल्यावर त्यांनी घरचे तूप मान्य केले.

प्रमाण असे ठरले: एक वाटी कणीक, मंद भाजलेले अर्धी वाटी नाचणीचे पीठ, अर्धी वाटी बारीक किसलेला गूळ, अर्धी वाटी तूप, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, वेलची, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे दोन-तीन चमचे दूध. नाचणीत ग्लुटेन नसते, म्हणून नुसत्या नाचणीची नानकटाई भुगा होते. कणकेने ती धरून राहते. पीठ चाळणे, तूप-गूळ हाताने फेसणे, गोळे करणे आणि काट्याने दाबणे ही चारही कामे मुलाची, ओव्हनचे काम मोठ्यांचे. 170 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे पुरतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर रिंग आणि ताटली ठेवून, झाकण लावून, आधी दहा मिनिटे तापवून मग वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. बाहेर काढताना नानकटाई मऊच असते आणि गार होताना कडक होते. गार होईपर्यंतच्या या थांबण्यासाठी मी बेकिंगला विशेष मानते: थांबायचे का, हे आई सांगत नाही, नानकटाईच सांगते. पहिल्याच दिवशी मुलाने गरम उचलली, ती हातात मोडली, आणि दुसऱ्या वेळी तो घड्याळाच्या काट्याकडे पाहत ओट्याशी उभा राहिला.

आईने विचारले की गूळ आहे, म्हणजे हवी तेवढी द्यायला हरकत नाही ना? हरकत आहे. गूळ ही देखील साखरच आहे. घरी केल्याने एवढेच साधते की किती घातली ते आपल्याला माहीत असते. दुपारच्या दुधाबरोबर दोन पुरेत. मात्र "साखळी पूर्ण केलीस तर नानकटाई" असा सौदा करू नका, असे मी तिला बजावले. त्या सौद्याने साखळी ओझे होते आणि नानकटाई लाच.

सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. पाचव्या आठवड्यात पाहुण्यांसमोर मोबाइलवरून पुन्हा रडारड झाली. पेन्सिलीची पकड अजून सैल आहे आणि शाळेतल्या बाईंशी त्याबद्दल आईने स्वतः जाऊन बोलणे मला गरजेचे वाटले; ती बोललीही, आणि बाईंनी त्याला काही दिवस जाड खडूने लिहू दिले. मोबाइलची वेळ रात्रीच्या जेवणाआधीची होती ती सर्वांत अवघड गेली. तिथे आजींनी वाती वळायला बसवले, तेव्हा थोडी सोय झाली.

सहाव्या भेटीला मुलगा खिशात साखळी घेऊन आला. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते, असे त्याने मला सांगितले आणि माझ्या टेबलावर ती पसरून दाखवू लागला. रंग मधेच बदललेले, काही ठिकाणी फास सुटून भोके पडलेली. दाखवता दाखवता त्याच्या हातून चुकीचे टोक ओढले गेले आणि साखळी सरसर उसवत निघाली. आईचा हात पुढे आला आणि टेबलाच्या कडेवर थांबला. मुलगा उसवणाऱ्या धाग्याकडे डोळे मोठे करून पाहत राहिला, मग त्याने स्वतःच उरलेले टोक जोरात ओढले, सगळी लोकर टेबलावर ढिगाने पडली, आणि तो आईला म्हणाला, "लड धर. आधी गुंडा करूया."