किनाऱ्यालगतचं उरलंसुरलं जंगल खाजगी रिझर्व्ह करून खरंच वाचतं का?

वाचतं, पण जमीन घेतली, कुंपण घातलं की झालं असं नाही, खरी ताकद कागदपत्रांत असते. ब्राझीलचं बघा ना, तिथलं अटलांटिक किनाऱ्याचं जंगल ऊस, कॉफी, गुरांची कुरणं आणि शहरांनी खाऊन टाकलं, उरलंय ते तुकड्या-तुकड्यांत आणि त्यातलं बरंचसं खाजगी मालकीचं, मग फक्त सरकारी नॅशनल पार्कवर कसं भागणार? म्हणून १९९० पासून तिथे आरपीपीएन (म्हणजे खाजगी मालकीचं राखीव जंगल) नावाची सोय आहे. मालक स्वतः अर्ज करतो, जमीन त्याच्याच नावावर राहते, पण संरक्षणाची अट जमिनीच्या नोंदीतच कायमची चढते, म्हणजे उद्या पोरांनी विकली तरी घेणारा झाडं तोडू शकत नाही. आत फक्त रिसर्च, शिक्षण, पर्यटन. बदल्यात तेवढ्या भागाचा शेतजमीन कर माफ (त्यासाठी कुणी जंगल ठेवेल असं मला वाटत नाही, ठेवणारे हौसेनेच ठेवतात).

ब्राझीलमधल्याच कारातिंगा गावाजवळ फेलिसियानो आब्दाला या कॉफीवाल्या शेतकऱ्याने राखलेल्या साधारण ९५० हेक्टरमध्ये आज मुरिकी माकडं टिकून आहेत, ही जगातल्या सगळ्यात धोक्यातल्या माकडांपैकी.

अडचण एकच आणि मोठी, तुकडा एकटा पडला की आतल्या आत प्रजनन होतं, कडेने आग आणि वेली घुसतात. त्यामुळे शेजारच्या तुकड्याशी जोडणारा झाडांचा पट्टा लावायलाच लागतो, रिओ राज्यात तर सोनेरी टॅमरिन या छोट्या माकडासाठी बीआर-१०१ हायवेवरून झाडं लावलेला पूलच बांधलाय. आणि हो, राखणदारांचा पगार दर महिन्याला लागतो, देणगीदार मात्र जमीन खरेदीलाच पटकन पैसे देतात.