वॉफलमधलं लपवलेलं गाजर

"मॅडम, एवढं एकच ती आवडीनं खायची. आता वॉफललाही हात लावत नाही."

मुलगी सहा वर्षांची. सकाळी उठल्यावर भूक नाही म्हणणारी, दूध अर्धं टाकणारी. सुट्टीच्या दिवशी घरी केलेला वॉफल, म्हणजे मशीनच्या साच्यात भाजलेला, चौकोनी खळग्यांचा जाडसर पोळा, मात्र अख्खा संपवायची. म्हणून आईनं शाळेच्या दिवशीही वॉफल करायला सुरुवात केली. रोज खातेच आहे तर चार चांगल्या गोष्टी पोटात जाव्यात, या विचारानं ती गाजर उकडून, वाटून पिठात घालू लागली. मग फ्लॉवर. मग भोपळा. मुलीला काही कळलं नव्हतं. एकदा गाजर नीट वाटलं गेलं नाही आणि वॉफल तोडताना आत केशरी तुकडा दिसला.

"आई, यात काय आहे?"

"काही नाही गं, तू खा."

त्या दिवसापासून मुलगी प्रत्येक वॉफलचा एकेक चौकोन तोडून आत बघते आणि ताटली सरकवते. बाबा म्हणतात, संपवल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. आई आर्जवं करते, मग चिडते, मग स्वतःच रडते. धाकट्या भावाला या गोंधळात कोण भरवणार, हाही रोजचा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.)

'मूल खात नाही' या तक्रारीला हात घालण्याआधी मी तब्येतीची चौकशी करते. वजन आणि उंची वयाप्रमाणे वाढतेय का? गिळताना ठसका, उलटी, घशात अडकल्यासारखं होतं का? मूल खातं त्या पदार्थांची यादी महिन्यागणिक आणखी छोटी होत चालली आहे का? यातलं काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. अन्न टाळण्याचा एक विकार 'आर्फिड' या नावानं २०१३ साली मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात वेगळा नोंदवला गेला, आणि त्याला नाश्त्याच्या युक्त्या पुरत नाहीत. या मुलीच्या डॉक्टरांनी वाढीचा तक्ता बघून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. दिवसभर खेळत होती, दुपारी आणि रात्री बरं जेवत होती. भांडण होतं ते सकाळचं.

मुलीशी मी वेगळं बोलले. "तुला वॉफल आवडत नाही का आता?" असं विचारल्यावर ती पटकन म्हणाली, "आवडतो. पण आई सांगते काही नाही, आणि असतं."

गाजराची चव तिला खटकलीच नव्हती. कितीतरी दिवस ती तेच गाजर खात होती. खटकलं ते हे, की विचारल्यावरही खरं उत्तर मिळालं नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात फार थोड्या गोष्टी असतात. तोंडात काय जाऊ द्यायचं ही त्यातली एक. तिथला भरवसा गेला की ते मूल एकच करू शकतं: तोंड बंद ठेवणं.

आईला हे ऐकून वाईट वाटलं, पण तिचा प्रश्न रास्त होता. "मग भाज्या तिच्या पोटात जाणार तरी कशा?"

साधारण दोन ते सहा या वयात बहुतेक मुलं अनोळखी पदार्थाला बिचकतात. पदार्थ पुनःपुन्हा समोर येतो, दिसतो, हाताला लागतो, जिभेला थोडा लागतो, तेव्हा ही भीती ओसरते. काही मुलांना आठ-दहा वेळा पुरतात, काहींना पंधराहून जास्त लागतात. लपवलेल्या गाजराची यात गणनाच होत नाही. पोटात गाजर गेलं, पण गाजराशी ओळख झाली नाही. शिवाय दडपणाचा परिणाम उलटा होतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात शाळापूर्व वयाच्या मुलांना दोन प्रकारचं सूप दिलं होतं. ज्या सूपच्या वेळी 'संपव, संपव' म्हटलं गेलं ते मुलांनी कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. 'हे खाल्लंस तर ते देईन' या सौद्याचंही तसंच. ज्या पदार्थासाठी बक्षीस लावलं जातं, तोच अनेकदा मुलाच्या मनातून उतरतो.

मी बहुतेक घरांना जी वाटणी सांगते ती एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ आणि कुटुंब-समुपदेशक बाईंनी मांडलेली आहे. काय खायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. ऐकायला सोपं आहे, पण टेबलावर बसल्यावर पाळणं फार जड जातं. म्हणून मी या कुटुंबाला नुसता नियम देऊन पाठवलं नाही. एका सुट्टीच्या सकाळचा पूर्ण वॉफल आम्ही बोलून बोलून आखला.

त्याआधी आईनं मुलीला एक गोष्ट सांगायची होती, जेवणाच्या वेळी नाही, निवांत असताना. "त्या वॉफलमध्ये मी गाजर घातलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी खरं सांगितलं नाही. आता जे घालीन ते तुझ्यासमोर." एवढंच. 'तुझ्या भल्यासाठी' हे शेपूट जोडायचं नाही, असं मी बजावलं.

मग कृती. एक कप म्हणजे साधारण १२५ ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, एक मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात एक अंडं, पाऊण कप दूध आणि तीन मोठे चमचे वितळवलेलं लोणी. मैद्यापैकी निम्मं गव्हाचं पीठ घेतलं तरी छान होतो, फक्त दूध थोडं वाढवावं लागतं. साखर आईला पूर्ण वगळायची होती. मी तिला ठेवायला सांगितली, कारण एवढ्या साखरेनं वॉफलला रंग चढतो आणि फिकट, पांढुरक्या वॉफलकडे मुलं बघतही नाहीत. वरून ओतलं जाणारं सिरप किती, हे बघणं जास्त मोलाचं.

मुलांबरोबर वॉफल केला की तो चिवट होतो, अशी तक्रार बरेचजण करतात. मुलाला ढवळायला आवडतं, ते ढवळतच राहतं आणि मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे चिवटपणा आणणारं प्रथिन, ताणलं जातं. मुलाच्या हातातून चमचा काढून घेतला की पुन्हा रुसवा. त्यापेक्षा काम वाटून द्यावं. कोरडं पीठ मुलीनं हवं तितका वेळ हलवावं, त्यानं काही बिघडत नाही. अंडं-दूधही तिनंच मनसोक्त फेटावं. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र दोघींनी मिळून दहा आकडे मोजायचे आणि थांबायचं. गुठळ्या राहिल्या तर राहू देत. मिश्रण पाच-दहा मिनिटं तसंच ठेवलं की पीठ भिजतं आणि वॉफल आतून हलका होतो.

मशीन मोठ्यांचंच. ते फार तापतं आणि कडेनं निघणारी वाफही भाजते, म्हणून मुलीची खुर्ची हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. पण तिथे बसून तिला एक खरं काम होतं: वाफेवर लक्ष ठेवायचं. मशीनच्या कडेनं वाफ येत असते तोवर आत ओल असते. तेवढ्यात झाकण उघडलं तर वॉफल मधोमध फाटतो. वाफ जवळजवळ थांबली की तिनं "झाला" म्हणायचं. मुलांना दिलेलं काम खरोखर उपयोगाचं आहे की नुसतं गप्प बसवायला दिलंय, हे त्यांना बरोबर कळतं.

झालेले वॉफल एकावर एक रचायचे नाहीत, स्वतःच्याच वाफेनं ते मऊ पडतात. जाळीवर ठेवून शंभर अंशांच्या आसपास तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवले की सगळे होईपर्यंत कुरकुरीत राहतात. यावर मी मुद्दाम भर दिला. नाहीतर आई मशीनपाशी उभी, मूल एकटं टेबलावर आणि सगळ्यांचे डोळे त्याच्या ताटलीवर, असं होतं. चौघांनी एकत्र बसायचं, तेच खायचं.

टेबलावर वाट्या: केळ्याचे काप, दही, शेंगदाण्याचं लोणी, किसलेलं गाजर, एका छोट्या वाटीत चमचाभर सिरप बुडवून खायला. निदान एक वाटी अशी हवी, जी मूल नक्की खातं. वॉफलचे चौकोन इथे फार उपयोगी पडतात. कुठल्या चौकोनात काय भरायचं हे मुलानं ठरवायचं, आणि नको असलेलं शेजारच्याला लागत नाही. सिरपऐवजी मध ठेवला तर धाकट्याच्या ताटलीत तो जाणार नाही हे बघायचं; तो दहा महिन्यांचा होता आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. 'चाखून तरी बघ' म्हणायचं नाही. खाल्लं तर टाळ्या नाहीत, टाकलं तर उसासा नाही.

पहिल्या खेपेला मुलीनं दही आणि केळं भरलं, अर्धा वॉफल खाल्ला. पुढच्या वेळी दोन घास घेऊन उठली आणि बाबांच्या तोंडून गेलंच, "अजून एक घास." सगळं पुन्हा जुन्या वळणावर.

बाबा मला भेटायला एकटे आले. त्यांची भीती अशी, की पोर उपाशी शाळेत जाईल. या भीतीची मी कधीही टिंगल करत नाही. त्यामागे माया असते. मी त्यांना १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. लहान मुलांचं एकेका वेळचं खाणं फार कमीजास्त होतं, पण चोवीस तासांची बेरीज बरीचशी सारखी राहते. सकाळी कमी खाल्लेलं मूल नंतर भरून काढतं, फक्त पुढची खाण्याची वेळ ठरलेली हवी आणि मधल्या वेळात बिस्किटं चरायला नकोत. मधल्या सुट्टीच्या डब्यात नीट पोटभर काही आहे ना, एवढं बाबांनी बघायचं ठरलं. डबा भरायचं काम त्यांनी घेतलं, आणि त्यांच्या काळजीला टेबलाबाहेर जागा मिळाली.

शाळेच्या दिवसांसाठी सुट्टीलाच दुप्पट वॉफल करायचे, जाळीवर पूर्ण गार करायचे, आधी सुटे गोठवायचे आणि मग पिशवीत भरायचे. महिना-दोन महिने चव चांगली राहते. सकाळी फ्रीझरमधून थेट टोस्टरमध्ये. पहाटे उठून पीठ कालवणारी दमलेली आई शांत राहू शकत नाही, आणि ती शांत असणं जास्त गरजेचं.

काही आठवड्यांनी मुलगी वाटीतलं गाजर बाबांच्या वॉफलवर भरू लागली. मग एकदा स्वतःच्या दोन चौकोनांत. एक खाल्ला, एक काढून ठेवला. कोणी काही बोललं नाही. फ्लॉवर अजूनही तिला नको असतो.

शेवटच्या भेटीत आईनं विचारलं, "आता गाजर खातेच आहे. पिठातच घातलं तर चालेल ना? मुद्दाम सांगायला नको."

मी म्हटलं, पिठात जरूर घाला, पण तिला सांगून, आणि शक्य तर तिच्याच हातानं. ती विचारेल किती घातलंस, कदाचित म्हणेल आज नको. मग पहिल्यांदा तिचा वॉफल साधा काढा, उरलेल्या पिठात गाजर घाला आणि तो तुम्ही खा.