पुढे कोण, आधी कोण? ‘प्रिसीड’विषयी वाचकांचे प्रश्न

‘प्रिसीड’ हे इंग्रजी क्रियापद लॅटिनमधल्या ‘आधी’ आणि ‘जाणे’ या दोन शब्दांतून आलं. अर्थ तेवढाच, आधी येणे किंवा आधी जाणे. तरीही या एका शब्दापायी भरतीच्या परीक्षेत मुलांचे हक्काचे गुण जाताना मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. म्हणून या वेळी फक्त त्यावर आलेले प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : सर, माझ्याकडच्या शब्दकोशात ‘प्रिसीड’चा अर्थ ‘पुढे जाणे’ दिला आहे. क्लासमध्ये ‘आधी येणे’ सांगतात. अंकमालिकेच्या प्रश्नात माझं उत्तर दर वेळी चुकतं. (पोलीस भरतीची तयारी करणारा विद्यार्थी, नंदुरबार)

क्लासमध्ये सांगतात तेच धर. शब्दकोशही खोटं बोलत नाही, पण आपलं ‘पुढे’ दोन्हीकडे चालतं. शेतावर निघताना आजी म्हणते, “पुढे चाल, मी मांगून येस (मी मागून येते).” इथे पुढचा माणूस आधी पोचतो. पण “लग्नाचं पुढे बघू” म्हटलं की तेच ‘पुढे’ नंतरचं होतं. ‘मागे’चंही तसंच. मागचा आठवडा होऊन गेलेला असतो, आणि मागची बस अजून यायची असते. मोठ्या माणसांचाही यात गोंधळ होतो, तर परीक्षेच्या घाईत तुझा झाला यात नवल नाही. या शब्दापुरते ‘पुढे-मागे’ बाजूला ठेव आणि फक्त ‘आधी-नंतर’ वापर.

आता खरी मेख. परीक्षेत सरळ ‘प्रिसीड’ क्वचित येतं. येतं ते ‘इमीजिएटली प्रिसीडेड बाय’. ही मालिका घे :

३ ५ ७ ५ ३ ५ २ ५ ३ ५ ७

प्रश्न असा, की ‘इमीजिएटली प्रिसीडेड बाय ३’ असे ५ किती? वाक्यात ५ आधी लिहिलेला असतो आणि ३ नंतर, म्हणून मुलं मालिकेतही ५ आणि मग ३ शोधतात. तसं मोजलं तर २ येतात. खरं उत्तर ३ आहे. ‘बाय’नंतर ज्याचं नाव येतं, तो मालिकेत आधी उभा असतो. मनात मराठी वाक्य असं कर : ‘ज्याच्या लगेच आधी ३ आहे असा ५.’ ‘फॉलोड बाय’ आलं की त्याच्या उलट, ‘ज्याच्या लगेच नंतर’. चुकीचं उत्तरही बहुधा पर्यायांत ठेवलेलं असतं, त्यामुळे ते सापडलं म्हणून खूश होऊ नकोस. रोज अशा दहा मालिका बोट ठेवून मोज. पंधरा दिवसांत हात बसेल.

प्रश्न : ‘पाचोरा प्रिसीड्स बिफोर चाळीसगाव’ असं वाक्य एका मुलीने वहीत लिहिलं. बरोबर द्यावं का? (शिक्षिका, पाचोरा)

ताई, ‘बिफोर’ काढायला सांगा. ‘आधी’ हा अर्थ ‘प्रिसीड’च्या पोटातच आहे. मराठीत ‘च्या आधी येणे’ म्हणावं लागतं, म्हणून मुलं ते ‘बिफोर’ चिकटवतात. चूक इंग्रजीची असली तरी विचार अगदी सरळ केलेला असतो, तेव्हा रागावू नका.

पण त्या मुलीच्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडली. जळगावहून मुंबईकडे निघालं तर पाचोरा आधी आणि चाळीसगाव नंतर. मुंबईहून घरी येताना नेमकं उलटं. म्हणजे गाडी कुठून निघाली हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. तिला ‘ऑन द वे टू मुंबई’ एवढं जोडायला सांगा आणि पूर्ण गुण द्या.

काळाच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण काळ एकाच दिशेने जातो. अमळनेरला २०२४मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच्या आधीचं, २०२३चं, वर्ध्याला. ‘वर्धा संमेलन प्रिसीडेड द अमळनेर संमेलन’ हे कुठल्याही गावी बसून म्हटलं तरी खरंच राहतं. वर्गात असं घरचं उदाहरण दिलं की मुलांच्या लक्षात राहतं.

जाता जाता, ‘पूर्व’ या आपल्या शब्दालाही दोन अर्थ आहेत. ‘अभूतपूर्व’मधलं पूर्व म्हणजे आधी. पण १९०६मध्ये खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हाच्या ‘पूर्व खान्देश’मधलं पूर्व ही दिशा आहे. जुन्या कागदांवर ते नाव पाहून ‘पूर्वीचा खान्देश’ असं वाचणारी मुलं मला भेटली आहेत.

प्रश्न : प्रिसीड आणि प्रोसीड, स्पेलिंग कसं लक्षात ठेवायचं? (वाचक, शिरपूर)

शेवटी डबल ई आणि डी असे नेहमीचे तीनच शब्द आहेत : प्रोसीड, एक्सीड, सक्सीड. प्रिसीड, रिसीड, कन्सीड यांच्या शेवटी सी-ई-डी-ई. ‘सुपरसीड’ एकटा एस घेऊन बसला आहे. आणि सांभाळा, ‘प्रोसीजर’ लिहिताना प्रोसीडमधला एक ई गळतो. प्रोसीड म्हणजे काम पुढे चालू ठेवणे. ग्रामपंचायतीतलं प्रोसिडिंग बुक त्याचंच.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पत्रात ‘प्रेसिडेंट’ आणि ‘प्रेसिडंट’ यांचा घोळ झाला. फरक काय? आणि ‘टेक्स प्रिसिडन्स’ म्हणजे? (सचिव, चोपडा तालुका)

कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच लागतात. अध्यक्ष जो, त्याच्या स्पेलिंगमध्ये एस असतो आणि उच्चार ‘झ’कडे झुकतो. दुसऱ्यात सी असतो, उच्चार स्वच्छ ‘स’. या दुसऱ्याला मराठीत सुरेख शब्द आहे, पायंडा. आधी कोणी चालून गेलं, म्हणून मागच्यांना वाट झाली. कोर्टात त्याला वजन असतं. राज्यघटनेच्या कलम १४१प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांना बंधनकारक आहे. तुमच्या सभेत मात्र एकदा मुदत वाढवून दिली एवढ्याने कायदा होत नाही, पण पायंडा पडतो, आणि पुढच्या वेळी सभासद तोच दाखवतात. पत्रात पायंडा म्हणायचा असेल तर सी घाला.

‘प्रिसिडन्स’साठी ‘अग्रक्रम’ हा छापील शब्द झाला. मला त्याहून ‘मान’ जवळचा वाटतो. पोळ्याला तोरणाखालून मानाचा बैल आधी जातो, बाकीच्या जोड्या मग. तो जास्त वेगाने चालतो म्हणून नव्हे. त्याचा मान आहे म्हणून. ‘टेक्स प्रिसिडन्स ओव्हर’मध्ये हेच आहे. सरकारी समारंभांसाठीही असा मानाचा क्रम ठरलेला असतो : राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, मग पंतप्रधान. नुसत्या ‘प्रिसीड’मध्ये हा मान नसतो. मिरवणुकीत झाडूवाला पालखीच्या आधी चालतो, तो पालखीला ‘प्रिसीड’ करतो, मान पालखीचाच.

प्रश्न : मुलाखतीला दारात दुसरा उमेदवारही होता. ‘तुम्ही आधी जा’ म्हणायला मी ‘यू प्रिसीड’ म्हटलं. तो गोंधळला. (विद्यार्थिनी, धुळे)

तुझ्या मनातला आदर बरोबर होता, शब्द तेवढा जड झाला. ‘प्रिसीड’ लिहिण्यातला शब्द आहे, आणि त्याला कशाच्या आधी ते सांगावं लागतं. ‘यू प्रिसीड’ म्हणजे ‘आपण पूर्वगामी व्हा’ म्हटल्यासारखं झालं. दारात ‘आफ्टर यू’ म्हणावं, किंवा सरळ ‘प्लीज गो फर्स्ट’. ‘गो अहेड’ही चालतं, पण त्यात परवानगी दिल्याचा सूर येतो, म्हणून वयाने मोठ्या माणसाला ‘आफ्टर यू’च म्हण, आणि दार धरून ठेव.