फिल्म कॅमेऱ्यासाठी एकच वाइड लेन्स घ्यायची तर २४, २८ की ३५?

तुमच्याकडे ३५ आहेच, हे आधी लक्षात आणून देते. (हे आकडे म्हणजे लेन्सची फोकल लेंथ, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका लहान, तितकं जास्त रुंद दृश्य फोटोत मावतं.) बाबांचा निकॉन एफएम१० आणि त्याच्यासोबत आलेली ३५-७० झूम वर्षानुवर्षं कपाटात पडून आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ज्या तिघींत तुम्ही अडकला आहात त्यांतली एक घरातच आहे, आणि ती पारखायला फक्त एका रोलचा खर्च आहे. झूमची रिंग ३५वर आणा, वरून चिकटपट्टी मारा (हात शिवशिवतोच), आणि छत्तीसच्या छत्तीस फ्रेम तशाच काढा. रोल धुऊन आला की आठवून पाहा, किती वेळा पाठ भिंतीला टेकली आणि तरी हवं ते आत मावलं नाही. दोन-तीन वेळाच झालं असेल तर लेन्सचे पैसे वाचले, त्यात रोल घ्या.

पण तुम्हाला जे काढायचंय त्यावरून वाटतं की पाठ बरेचदा टेकेल. आजोळचा वाडा पाडायला काढलाय, त्याच्या आत त्याचे फोटो. आषाढात दोन-तीन दिवस वारी. जमेल तेव्हा किल्ले. आणि पैसे एकाच लेन्सचे. माझं उत्तर २८. का ते सांगते, आणि २४ कुठे खरंच लागेल तेही.

वाड्यापासून सुरुवात करू. लहानपणी पाहिलेल्या खोल्या आठवणीत मोठ्या असतात. माझ्या आजोळी मी टेप लावून मोजल्या, तर माजघर सोडून बाकी सगळ्या दहा बाय दहाच्या आगेमागे निघाल्या. हिशोब सोपा आहे. फिल्मची फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद. ३६ला फोकल लेंथने भागायचं आणि समोरच्या भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणायचं, तेवढी रुंदी फोटोत येते. दहा फुटांच्या खोलीत तुमची पाठ, डोकं आणि कॅमेरा यांतच दीड फूट जातो, उरले साडेआठ. ३५ने समोरची भिंत पावणेनऊ फूट दिसते, म्हणजे दोन्ही कोपरे कापले गेले. २८ने जवळजवळ अकरा फूट, म्हणजे अख्खी भिंत, दोन्ही कोपरे आणि बाजूच्या भिंतींची जराशी चाहूल. ३५ला भिंतीचा फोटो येतो, २८ला खोलीचा.

२४ने पावणेतेरा फूट येतात. वाचायला छान वाटतं, पण तेव्हा बाजूच्या भिंती फ्रेमच्या कडांकडून आत धावत येतात, समोरचा कोनाडा लहान होऊन लांब जातो, आणि खोली आहे त्याहून ऐसपैस दिसायला लागते. फ्लॅट विकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. ज्या खोलीत आजी चुलीपाशी बसल्या बसल्या हात लांब करून फळीवरचा डबा काढायची, ती खोली तुम्हाला तेवढीच दिसायला हवी असेल, तर २४ जरा खोटं बोलते. चौकाच्या एका कोपऱ्यातून चारही बाजूंची ओसरी एका फ्रेममध्ये हवी असेल तर मात्र २४च. तिथे २८ तोकडी पडेल. अशा किती फ्रेम निघतील? माझ्या अनुभवात एका वाड्यात एक, फार तर दोन.

वाड्याचा दर्शनी भाग ही वेगळीच कटकट आहे, आणि बहुतेक लोक वाइड लेन्स घेतात ती याच्यासाठीच. गल्लीत उभं राहून कॅमेरा वर केला की भिंती आत झुकतात, वाडा मागे रेलल्यासारखा दिसतो. फोन हे परस्पर सरळ करून देतो. निगेटिव्हवर जे पडलं ते पडलं. सरळ भिंती हव्या असतील तर कॅमेरा पातळीत ठेवायला हवा, आणि मग डोळ्याच्या वर किती येईल याला मर्यादा आहे. समजा वाडा नऊ मीटर उंच आहे आणि कॅमेरा उभा धरलाय. ३५ला साडेचौदा मीटर मागे जावं लागेल, २८ला पावणेबारा, २४ला दहा, आणि अगदी २० घेतली तरी सव्वाआठ. गल्ली असते चार-पाच मीटरची. म्हणजे यातली कुठलीच लेन्स पुरत नाही! उपाय लेन्सच्या दुकानात नाही, समोरच्या घरात आहे. त्यांना विचारून त्यांच्या माडीवर जा. वाड्याच्या निम्म्या उंचीवरून काढलं की २८ला पावणेबाराऐवजी सात मीटर पुरतात, आणि माडीच्या खोलीत थोडं मागे सरकलं की खिडकीतून तेवढं अंतर बऱ्याचदा मिळून जातं. शिवाय चहाही मिळतो.

आता वारी. इथे माझी फजिती सांगते, कारण माझी पहिली वाइड लेन्स २० होती. गर्दी म्हणजे जितकी रुंद तितकी बरी, अशी माझी समजूत. सेकंड-हँड घेतली, ऐपतीपेक्षा जास्त पैसे मोजले, आणि सासवडपर्यंत चालत गेले. काँटॅक्ट शीट (रोलच्या सगळ्या फ्रेम एका कागदावर छोट्या छापलेल्या) हातात आली तेव्हा निम्म्या फ्रेममध्ये ओला डांबरी रस्ता, वर करडं आकाश आणि मधे मुंग्यांसारखी माणसं. जी दोन-चार चांगली निघाली ती मी अगदी अंगाशी गेले होते म्हणून, आणि त्यांतल्याही एकीत कडेला तुळस घेऊन चाललेल्या आजींचं डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबलं होतं.

हा लेन्सचा दोष नव्हता. रुंद कोनाचं चित्र सपाट फिल्मवर उतरवायचं म्हटलं की कडेच्या गोल वस्तू ताणल्या जाणारच. फ्रेमच्या अगदी कोपऱ्यात चेंडू ठेवला तर ३५ला तो रुंदीच्या १.१८ पट लांब दिसतो, २८ला सव्वापट, २४ला १.३५ पट आणि २०ला जवळजवळ दीडपट. भिंतीला, दगडाला, ढगाला हे चालून जातं, माणसाच्या चेहऱ्याला नाही. २८ला कोपरे टाळले तरी पुरतं. २४ला दोन्ही कडांना कोण येतंय याचं भान सतत ठेवावं लागतं, आणि चालत्या दिंडीत ते भान राहत नाही. माझं तरी राहत नाही.

दिंडीच्या बाजूने चालताना तुमच्यात आणि रांगेत दोनेक मीटर असतात. तेवढ्यात ३५ने दोन मीटर रुंदी मिळते, २८ने अडीचच्या थोडी वर, म्हणजे टाळ वाजवणारे तीन-चार जण हातांसकट. त्याहून जवळ जायचं तर रांगेत शिरावं लागतं, आणि ते विचारल्याशिवाय करू नये.

फोकसचंही इथेच सांगून टाकते. वाइड लेन्स लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच रेखीव भासतं, त्यामुळे रिंग फिरवून ठरवणं अवघड जातं. त्यापेक्षा लेन्सवरचे अंतराचे आकडे वापरा. २८वर एफ ८ (अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक; आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान) आणि फोकस सव्वातीन मीटरच्या जरा पुढे ठेवला, तर साधारण १.६ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. ३५ला तोच हिशोब पाच मीटर आणि अडीच मीटर असा होतो, म्हणजे शेजारून जाणारा माणूस धूसर. आषाढातल्या ढगाळ उजेडात ४०० आयएसओच्या फिल्मवर (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे) एफ ८ला १/२५० सेकंदाचं शटर मिळून जातं. पाऊस दाटून आला तर १/६०. एका हातात छत्री असताना फोकसला हात लावायला न लागणं ही केवढी चैन आहे हे पहिल्याच दिवशी कळेल.

रिंगणाला आणि दिवे घाटाला मात्र वाइड काढूच नका. घाटात वळणावळणाने चढणाऱ्या दिंड्या हव्या असतील तर तुमच्या झूमचं ७०चं टोक वापरा. रिंगणात आपण कडेला अडकलेले असतो आणि अश्व लांब. २८ला ते उंदराएवढे दिसतील.

किल्ल्यांवरही बहुतेक वेळा हेच. राजगडावरून समोर तोरणा डोळ्यांना केवढा भरतो, आणि वाइडने काढला की एक टेंगूळ. वाइडमध्ये लांबचं सगळं बारीक होतं, म्हणून जवळ काहीतरी हवं: बुरुजाचा दगड, पायरी, सोबतचा माणूस. याला अपवाद हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. तो आत वळलेला आहे, आणि त्याची अख्खी कमान काठावरूनच दिसते. मागे सरकावं तर कडाच दिसेनासा होतो. तिथे २४ हवीच, २०सुद्धा चालेल. आता एका कड्यासाठी लेन्स घ्यायची का, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक प्रश्न तुम्ही विचारलाय, की अमुक मोठे छायाचित्रकार काय वापरायचे. गॅरी विनोग्रांड न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ वापरत, कार्तिए-ब्रेसाँ जन्मभर बहुतेक ५०. यातून काय निष्कर्ष काढायचा? मला तरी काढता आलेला नाही.

तरी मनाची खात्री पटत नसेल तर विकत घेण्याआधी हे करून पाहा. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात १८ बाय १२ सेंटिमीटरची खिडकी कापा. हे माप फिल्मच्या फ्रेमच्या बरोबर पाचपट आहे. पुठ्ठ्याला एक दोरी बांधा आणि दोरीला पुठ्ठ्यापासून १२, १४ आणि साडेसतरा सेंटिमीटरवर गाठी मारा. गाठ डोळ्याशेजारी गालावर धरायची, एक डोळा मिटायचा, आणि खिडकीतून बघायचं. १२ म्हणजे २४, १४ म्हणजे २८, साडेसतरा म्हणजे ३५. वाड्यात खोलीखोलीतून असं फिरा. घरचे हसतील, हसू द्या. कुठल्या गाठीवर तुम्ही सारखे थांबता ते अर्ध्या तासात कळतं. झूम ३५वर ठेवून पडताळूनही पाहा. फक्त एफएम१०चा व्ह्यूफाइंडर फ्रेमपेक्षा थोडं कमी दाखवतो, तेवढा फरक धरा.

घ्यायची वेळ आली की काय बघायचं? एफएम१०ला निकॉनच्या हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सचे एआय आणि एआय-एस हे प्रकार बसतात, आणि अ‍ॅपर्चरची रिंग असलेल्या ऑटोफोकस डी लेन्सही चालतात, फोकस हाताने करायचा. त्याआधीच्या, एआय नसलेल्या जुन्या लेन्स जबरदस्तीने बसवू नका. तुमच्या भावाच्या डिजिटल कॅमेऱ्याची १८-५५ चालेल का, तर नाही: तिला अ‍ॅपर्चरची रिंग नाही, त्यामुळे ती सगळ्यात लहान अ‍ॅपर्चरवर अडकून बसेल, आणि ती लहान सेन्सरसाठी बनलेली असल्याने फ्रेमचे कोपरे काळे येतील. तिचं १८ म्हणजे फिल्मवरचं साधारण २७, त्यामुळे भावाचा कॅमेरा मागून तो १८वर लावून वाड्यात फिरलात तर २८चा अंदाज फुकटात येईल, एवढा तिचा उपयोग आहे.

२८ एफ २.८ निक्कॉरमध्ये (निक्कॉर हे निकॉनच्या लेन्सचं नाव) एआय-एस मिळाली तर उत्तम. ओळखायची खूण म्हणजे अंतराच्या रिंगवर सगळ्यात जवळचा आकडा ०.२, म्हणजे वीस सेंटिमीटर. आधीच्या एआयमध्ये तो ०.३ असतो. वाड्यात दाराची कडी, खांबावरचं नक्षीकाम, तुळईवरचं जुनं खडूचं लिखाण काढायला ते जास्तीचे दहा सेंटिमीटर फार कामाला येतात. सीरिज ई नावाची २८ साधी आणि हलकी असते. खिसा तंग असेल तर तीही चालेल. एफ ३.५च्या लेन्स वाईट नसतात, पण माजघरात उजेड चौकातून येईल तेवढाच. ४०० आयएसओ, एफ २.८ आणि १/३० एवढ्यावर तिथे दुपारीही कसंबसं भागतं, त्यामुळे कॅमेरा उंबऱ्यावर किंवा एखाद्या डब्यावर टेकवून सेल्फ-टायमरने काढायची सवय ठेवा. ३५ एफ २ला इथे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड मिळतो, ही तिची खरी बाजू. पण टेकवायला काहीतरी मिळतं, भिंत मात्र मागे सरकत नाही.

सेकंड-हँड लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून आत बघा. धूळ असली तर चालेल. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. कितीही स्वस्त मिळाली तरी ती सोडा. आणि तुमची ३५-७०सुद्धा रोल घालण्याआधी तशीच टॉर्चने बघून घ्या. कपाटात पडून आहे म्हणालात ना.