बेघर लोकांना गरम कपडे द्यायचे आहेत, नेमकं काय द्यावं?

तुम्ही विचारलंय की नाताळच्या सुट्टीत कपाट आवरताना दोन पिशव्या जुने स्वेटर निघाले, ते रस्त्यावर झोपणाऱ्यांना थेट नेऊन द्यावेत का. द्या की. फक्त स्वेटर हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, कारण तो सगळेच देतात.

गेली काही वर्षं हिवाळ्यात मी मित्रांबरोबर रात्री कपडे वाटायला जातो. पहिल्या खेपेला मीही असंच बोचकं घेऊन गेलो होतो. एका वयस्कर माणसापुढे चांगला जाड स्वेटर धरला. त्यांनी तो हातात घेऊन बघितला, नीट घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, "दोन आहेत अंगात. मोजे आहेत का?" नव्हते. मग त्यांनी बुटातून पाय काढला. मोज्याची टाच पार गेलेली, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावलेलं. पिशवीच्या आत पाय घामाने ओला, पांढराफटक, सुरकुतलेला. माझ्या पायातले मोजे काढून द्यावेत असं वाटलं, पण तेही दिवसभर घातलेले!

वापरलेले मोजे कुणी कुणाला देत नाही आणि नवे घेऊन द्यायचं सुचत नाही, म्हणून ते कायम कमी पडतात. पाय तासन्‌तास ओले आणि गार राहिले की बर्फ पडत नसला तरी कातडी आणि नसा खराब होतात. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये उभ्या असलेल्या हजारो सैनिकांचे पाय असेच गेले. हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे खरा शत्रू ओल. सुती कपडा भिजला की ऊब संपली. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. तेव्हा सुती हुडीपेक्षा लोकरीचा साधा स्वेटर बरा, आणि त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट मिळालं तर उत्तमच.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे अंगाखालचं अंथरूण. वरून कितीही पांघरा, खालची फरशी रात्रभर अंगातली उष्णता शोषत राहते. फोमची चटई हलकी असते, गुंडाळून नेता येते. जाडजूड रजई मात्र नको. ज्याचं सगळं घर पाठीवर आहे, त्याला ती सकाळी कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो.

थेट द्यायचं की संस्थेमार्फत? दोन्ही चालतं. रात्रनिवारा चालवणाऱ्यांना आधी फोन करून काय कमी आहे ते विचारा. डिसेंबरच्या शेवटी त्यांच्याकडे ढीग लागलेला असतो. उत्तर गोलार्धात सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला येतो, पण कडाक्याची थंडी बहुतेक ठिकाणी त्यानंतर काही आठवड्यांनी. तोवर सुट्ट्या संपलेल्या असतात आणि देणारेही पांगलेले. एक पिशवी जानेवारीसाठी ठेवलीत तरी चालेल.

थेट देणार असाल तर झोपलेल्याला हलवून उठवू नका, फोटो काढू नका, आणि "काय हवंय?" हे आधी विचारा. नको म्हणाले तर नको. मात्र कुणी थंडीत बरळताना, अडखळताना दिसलं, किंवा आधी कुडकुडत होतं आणि आता शुद्ध हरपत असताना कुडकुडणंही थांबलंय, तर कपडे वाटणं बाजूला ठेवून आधी रुग्णवाहिका बोलवा. अंगाचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जिवावर बेतू शकतं.

तुमचे स्वेटर धुऊन द्या, जॅकेटची चेन तुटली असेल तर बसवून घ्या. आणि मोजे घ्याल तेव्हा एका माणसामागे दोन जोड घ्या, म्हणजे एक पायात असताना दुसरा वाळतो.