इंग्रजी कथेत मंद वाऱ्यासाठी ‘जेंटल ब्रीझ’शिवाय काय लिहावं?

तुम्ही छान शब्दप्रयोगांची यादी मागितली आहे. ती देणार नाही. अशा याद्या पाठ करून लिहिलेलं इंग्रजी मी इतकं तपासलंय की ‘अ जेंटल ब्रीझ करेस्ड हर फेस’ दिसलं की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. विशेषणं वाढवली की वर्णन वाढतं, हे शिकवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

आधी वारा किती आहे ते ठरवा. इंग्रजीत हे मोघम नाही. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 च्या सुमारास वाऱ्याची मोजपट्टी बांधली आणि त्यातली बहुतेक नावं आजही चालतात. धूर सरळ वर गेला तर ‘काम’ (calm), म्हणजे वारा नाहीच. ताशी 1 ते 5 किलोमीटरला ‘लाइट एअर’: धूर कलतो, पण वातकुक्कुट हलत नाही. 6 ते 11 ला ‘लाइट ब्रीझ’: वारा चेहऱ्याला जाणवतो, पानं सळसळतात. ‘जेंटल ब्रीझ’ त्याच्याही वरची, 12 ते 19. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात, हलका झेंडा पसरतो, समुद्रावर कुठेकुठे पांढरा फेस दिसू लागतो. म्हणजे उघड्यावर मेणबत्ती शांत तेवतेय आणि शेजारी ‘जेंटल ब्रीझ’ आहे, असं लिहिलंत की जाणता वाचक तिथेच थांबतो. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले तर ती ‘मॉडरेट ब्रीझ’, 20 च्या पुढे.

आता खरं काम क्रियापदाचं. पडदा ‘स्टर’ होतो, पाण्याचा पृष्ठभाग किंवा केस ‘रफल’ होतात, कागदाचा कोपरा ‘लिफ्ट’ होतो, वास ‘ड्रिफ्ट’ होत येतो. वारा सुटला तर ‘स्प्रँग अप’, पडला तर ‘ड्रॉप्ड’ किंवा ‘डाइड डाउन’, वाढला तर ‘फ्रेशन्ड’. सगळ्यात उपयोगी साचा ‘बेअरली इनफ विंड टु…’ हा. पुढे एकच वस्तू आणि एकच हालचाल लिहा. ‘बेअरली इनफ विंड टु स्टर द कर्टन’ एवढ्यावर वाक्य संपवा, पुढे ‘सॉफ्टली’ जोडू नका. अजिबात वारा नसेल तर ‘नॉट अ ब्रेथ ऑफ विंड’. शांत पाण्यावर वाऱ्याने मध्येच उमटणाऱ्या खरखरीत ठिपक्यांना खलाशी ‘कॅट्स पॉज’ म्हणतात. तलावाच्या दृश्यात तो शब्द सोन्यासारखा, घराच्या गच्चीवर निरर्थक.

मराठीतून घसरून येणाऱ्या चुका ठरलेल्या. ‘स्लो विंड’ म्हणू नका, ‘लाइट विंड’ म्हणा. ‘कूल एअर वॉज कमिंग’ नको, ‘देअर वॉज अ कूल ब्रीझ’. खिडकीच्या फटीतून येणारा नकोसा झोत ‘ब्रीझ’ नसतो, तो ‘ड्राफ्ट’.

‘झेफर’ मात्र सांभाळून. मूळ ग्रीक पश्चिमवारा, सौम्य. कोकणातली जूनमधली कथा असेल तर पश्चिमेकडून येणारा वारा कौलं उडवतो, तिथे हा शब्द हास्यास्पद होतो. ‘सी ब्रीझ’ म्हणजे खारे वारे, तेही दिवसा. हिवाळ्यातल्या निरभ्र मध्यरात्री किनाऱ्यावर सहसा ‘लँड ब्रीझ’, मतलई वारे असतात. दिशा चुकली की वास, नौका, धूर सगळंच उलटं जातं.

हे सगळं गद्याबद्दल. कवितेत आकडे कुणी बघत नाही, आणि पात्राच्या तोंडी ‘नाइस ब्रीझ’ एवढंच शोभतं. परीक्षेतल्या निबंधाला मात्र माझा सल्ला लावू नका; तिथे तपासणारा अजून ‘जेंटल ब्रीझ’लाच गुण देत असेल.